बसमध्ये शिरलेलं नाटक

राउनो वेहमासनं आयुष्यात एकही नाटक पाहिलं नव्हतं, आणि त्याचं पोट मात्र नाटकावरच चालायचं. तो टूरच्या बसचा ड्रायव्हर होता. हिवाळा लागला, शेतातली कामं उरकली, की आसपासच्या गावांतल्या बायकांना टाम्पेरे शहरातल्या थिएटरांची ओढ लागायची. शनिवारी सकाळी राउनो बस घेऊन कधी विरातला तर कधी रुओवेसीला जायचा. चर्चसमोर बायका उभ्याच असायच्या. केस नीट बसवलेले, ओठांना लाली, आणि हातातल्या पिशवीत थिएटरात घालायचे नाजूक बूट. गोठलेल्या तळ्यांच्या कडेकडेनं तो त्यांना शहरात आणायचा, थिएटरच्या दाराशी उतरवायचा आणि मागच्या चौकात बस लावून खेळ संपेपर्यंत बसून राहायचा. बायका परतल्या की बस थंडगार लागू नये म्हणून इंजिन चालू ठेवायचा. थर्मासमधली कॉफी प्यायची, राय धान्याचा काळा पाव चावायचा, शब्दकोडं सोडवायचं. असा त्याचा नाटकाशी संबंध.

रुओवेसीच्या बायकांची पुढारी होती हेल्लेवी. साठी ओलांडलेली, आवाज खणखणीत. दर वेळी उतरताना ती राउनोला डिवचायची.

"ये की आत. बसला कोण पळवून नेणार आहे?"

"नको हेल्लेवीबाई. ती गाणारी माणसं मला कळत नाहीत. दूध संपलं हे सांगायला कुणी गातं का?"

"गात नसेल. पण निदान बोलतं तरी. तू तर तेही करत नाहीस."

बस हसायची. राउनोही गालातल्या गालात हसायचा आणि दार लावून घ्यायचा.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. राउनो मुळातच अबोल. बायको याच अबोलपणाला कंटाळून निघून गेली, आणि जातानाही दोघं फारसं काही बोलले नाहीत. आता त्याला त्याची म्हातारी आई तेवढी उरली होती. ल्यूली तिचं नाव. शहरातल्या तम्मेला भागात, बाजाराजवळ दोन खोल्यांत ती एकटी राहायची. तिची उमेदीची सगळी वर्षं शहरातल्या कापसाच्या गिरणीत, सूतकताईच्या खात्यात गेली होती. यंत्रांच्या खडखडाटानं कानही गेल्यात जमा होते. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, ते ती ड्रॉवरमध्ये ठेवायची. "त्यातून माणसांचं कमी आणि कपबशांचंच जास्त ऐकू येतं," असं तिचं म्हणणं. दर रविवारी राउनो तिच्याकडे जायचा. दोघं वाटाण्याचं सूप प्यायचे, खिडकीतून बाजार बघायचे. ल्यूली टेबलाशी बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. झोपेत तिच्या उजव्या हाताची बोटं चाळवायची, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून गर्रकन वळायची, मग हात जरासा पुढे सरकायचा आणि पुन्हा तेच. म्हातारपणाचा चाळा, असं राउनो समजायचा.

त्या फेब्रुवारीत स्टेशनामागच्या थिएटरात नवं संगीत नाटक लागलं होतं. शहरातल्या लेखकानं लिहिलेलं, शहरातल्याच संगीतकारानं बांधलेलं, आणि गोष्टही इथलीच, गिरणीतल्या पोरींची. तिकिटं मिळत नव्हती. हेल्लेवीनं शरदातच अख्ख्या बसची तिकिटं काढून ठेवली होती.

तो शनिवार हाडं गोठवणारा होता. दुपार असूनही थंडी उणे वीसच्या खाली. चौकातला बर्फ बुटाखाली काचेसारखा करकरत होता. बायकांना सोडून राउनो नेहमीच्या जागी येऊन बसला. कोडं अर्धं सुटलं होतं, तोच थिएटरमधून घंटा घणाणली. थांबेचना. मग पुढची दारं उघडली, बाजूची उघडली, आणि माणसं बाहेर लोटली.

पहिल्यांदा प्रेक्षक आले. कोट सगळे आत, कोट ठेवायच्या खोलीत. पातळ ब्लाऊज, रेशमी रुमाल, नाजूक बूट अशा अवस्थेत माणसं बर्फात उभी राहिली. राउनो सीटवरून अर्धा उठला. आणि मग बाजूच्या दारातून त्या पोरी आल्या. वीसेक तरी असतील. राखाडी झगे, डोक्याला पांढरे रुमाल, आणि पाय अनवाणी. गिरणीच्या उकाड्यात पोरी अनवाणी काम करायच्या, म्हणून रंगमंचावरही अनवाणी. त्याच पायांनी त्या बर्फात उतरल्या आणि तापल्या तव्यावर पडावं तशा नाचायला लागल्या.

पुढचं राउनोनं काही विचार करून केलं नाही. बसची दोन्ही दारं उघडली, खाली उडी मारली आणि ओरडला, "इकडे! इकडे या सगळ्या! बस गरम आहे!"

एवढ्या मोठ्यानं तो आयुष्यात ओरडला नव्हता.

आधी पोरी चढल्या. मग म्हाताऱ्या प्रेक्षकांना चढवलं. मग ज्याला जिथे पाय टेकता आला तो तिथे. एका सीटवर तिघं, मांडीवर कुणीतरी, मधल्या वाटेत मुंगी शिरायला जागा नाही. हेल्लेवी कोपरांनी वाट काढत पुढे आली आणि बायकांना हुकूम सोडायला लागली, "त्या पोरींचे पाय मांडीवर घ्या, चोळा! रुमाल आहेत ना गळ्यात? गुंडाळा!" गावाकडच्या बायकांनी नटींचे लालभडक पाय खरोखरच मांडीवर घेतले आणि वासराला चोळावं तसे खसाखसा चोळले. वाद्यवृंदातला एक टकला गृहस्थही आत आला होता. त्यानं कोट नव्हता वाचवला, ॲकॉर्डियन वाचवला होता, आणि तो तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता.

राउनो आपल्या सीटवर परतला. गरम हवेचा झोत सोडणारी जाळी त्याच्या पायांशी होती. तिच्यावर पाय ठेवून एक उंच पोरगी उभी राहिली. नाटकातली मुख्य नटी. कायसा तिचं नाव.

"आग लागलीय का?" राउनोनं विचारलं.

"कुणास ठाऊक. आमच्या धुराच्या यंत्रानंच घंटा वाजवली असेल. ऐन गाण्यात हो! दुसऱ्या अंकाची सुरुवातच केली होती."

"कुठलं गाणं?" मागून कुणा म्हातारीनं विचारलं.

"पहाटेचं. गिरणीचा भोंगा होतो आणि पोरी पुलावरून निघतात, ते."

"मग म्हणा की," हेल्लेवी म्हणाली. "आम्ही तिकीट काढलंय."

बस हसली. कायसा मागे वळली. वीस जणी बसभर विखुरलेल्या, कुणी कुणाच्या मांडीवर, कुणी दारात. तिनं ॲकॉर्डियनवाल्याकडे पाहिलं. त्यानं कसाबसा कोपर मोकळा केला आणि एक लांब, खालचा सूर धरला.

आणि मग काहीतरी झालं. त्याचं वर्णन राउनोनं पुढे अनेकदा करून पाहिलं, त्याला कधी जमलं नाही. गाण्याच्या आधी त्या पोरींनी श्वास घेतला. सगळ्यांनी एकदम. गाणं नव्हे, नुसता श्वास. बसभर, पुढून मागून, एकाच क्षणी आत ओढलेला. राउनोला वाटलं, बसनंच श्वास घेतला.

मग आवाज आला. रेडिओवर त्यानं गाणी ऐकली होती, चर्चमध्ये ऐकली होती. हे तसलं नव्हतं. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीतून एवढं मोठं काही निघू शकतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. काचा थरथरल्या. स्टिअरिंगवर ठेवलेल्या त्याच्या तळव्यांत तो सूर शिरला आणि कोपरापर्यंत चढला. आरशात त्याला सगळी बस दिसत होती, वाफेनं धूसर झालेली. रुओवेसीच्या बायका पाय चोळायच्या थांबल्या होत्या. एक पोरगी कुडकुडत होती, दात वाजत होते, पण सूर आला की दात वाजायचे थांबत, सूर संपला की पुन्हा वाजत. राउनो तिच्याकडेच बघत राहिला. इतकं कुडकुडतानाही ही पोरगी गाण्यासाठी दात थांबवते! हे कसं जमतं माणसाला?

गाणं संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मोकळे नव्हते. शांतता मात्र अशी पसरली की बाहेरून काच ठोकणारा अग्निशामक दलाचा माणूसही क्षणभर गोंधळला.

"काही नाही झालेलं," तो ओरडला. "धुराचं यंत्रच. आत चला!"

माणसं उतरायला लागली. कायसानं जाळीवरचे पाय काढले आणि राउनोला विचारलं, "तुम्ही का आत नव्हता?"

"मी ड्रायव्हर."

"मग?"

तेवढ्यात हेल्लेवीनं त्याच्या कोटाची बाही पकडली. "आमच्या ऐलीची सून बाळंत झाली, म्हणून ऐली आली नाहीये. तिची खुर्ची रिकामी आहे, माझ्या शेजारी. आज काही बोलू नकोस. तसाही तू बोलत नाहीसच."

राउनोनं इंजिन बंद केलं.

आत अंधार, लाल खुर्च्या, ओल्या लोकरीचा वास. तो खुर्चीच्या टोकावर बसला. पडदा वर गेला आणि तो चाटच पडला. समोर शहर होतं. लाल विटांची गिरणी, पूल, पुलाखालचं फेसाळतं पाणी. रोज तो त्याच पुलावरून बस न्यायचा. पण तिथे आता सकाळ होत होती, आणि ती सकाळ कुणीतरी वरून हळूहळू सोडत होतं, दिव्यांतून. पाणी म्हणजे नुसतं निळं कापड आहे हे त्याला दिसत होतं, आणि तरी ते पाणीच होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे त्याला उमगेना. उमगायची घाईही नव्हती.

मग एक प्रवेश आला, तेव्हा राउनो पुरता सावरलाही नव्हता. गिरणीचं आतलं खातं. यंत्रं नाहीतच. वीस पोरी रांगेत उभ्या, आणि पायांनी लाकडी जमिनीवर ठेका धरलेला. धड्धड्, धड्धड्. त्या ठेक्यातच यंत्रं होती. आणि मग त्यांचे उजवे हात वर आले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून गर्रकन वळली, हात जरासा पुढे सरकला, आणि पुन्हा तेच. तुटलेला धागा जोडायचा, पुढच्या चातीकडे जायचं, तिथला जोडायचा. वीस हात, एका लयीत.

राउनोनं समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

ती त्याची आई होती. तम्मेलातल्या टेबलाशी डुलकी घेणारी, वीस जागी उभी असलेली, तरुण. इतकी वर्षं तो समोर बसून सूप पीत होता आणि ती झोपेत कामावर जात होती. कधी विचारलंच नाही. तिनंही कधी सांगितलं नाही.

"काय झालं रे?" हेल्लेवी कुजबुजली.

"आई," राउनो म्हणाला. हेल्लेवीनं पर्समधून रुमाल काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सूप पिऊन झालं. राउनोनं आईच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं.

"आई, माझ्याबरोबर नाटकाला चल."

ल्यूलीनं चमचा खाली ठेवला. "कुणी मेलं का?"

दोघं मिळून बाहेर जायचे ते मयताला, तेव्हा तिचं काही चुकलं नव्हतं.

"कुणी मेलं नाही. गिरणीवरचं नाटक आहे. गाणी आहेत."

"गिरणीवर गाणी?" ती बोळक्या तोंडानं हसली. "ते लिहिणाऱ्याला म्हणावं, एकदा आत जाऊन बघ."

"तू बघून सांग त्याला."

बरीच मनधरणी केल्यावर ती तयार झाली. पुढच्या सुट्टीच्या शनिवारी राउनो तिला घेऊन गेला. तिनं ठेवणीतला काळा ड्रेस घातला होता, ब्रोच लावला होता, आणि ड्रॉवरमधलं यंत्रही कानात घातलं होतं, कपाळाला आठी घालून. पडदा उघडल्यावर राउनोचं अर्धं लक्ष रंगमंचावर, अर्धं तिच्याकडे. ती ताठ बसली होती. चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती.

मध्यंतरात दोघं बाहेर आले. राउनोनं कॉफी आधीच सांगून ठेवली होती. पांढऱ्या टेबलक्लॉथवर दोन कप, क्रीम घातलेल्या केकचे दोन तुकडे, आणि मध्ये उभी केलेली चिठ्ठी, 'वेहमास'. ल्यूली त्या चिठ्ठीपाशी थांबली. वाकून वाचली. पुन्हा वाचली.

"आपलं नाव कुणी लिहिलं?"

"थिएटरातल्या मुलीनं. आपण येणार म्हणून."

"आपण आत बसलो होतो तेव्हा कुणीतरी आपल्यासाठी हे मांडून ठेवत होतं?"

"हो."

ती खुर्चीवर टेकली, पण बराच वेळ कॉफीला हात लावला नाही. आजूबाजूची माणसं, झुंबरं, आरसे, सगळं डोळे भरून बघत होती. मग केकचा शेवटचा कणही तिनं बोटानं टिपला.

दुसऱ्या अंकात तो प्रवेश आला. धड्धड् सुरू झालं, आणि ते कानांनी ऐकायची गरजच नव्हती, जमिनीतून, खुर्चीच्या पायांतून ते वर येत होतं. ल्यूलीनं कानातलं यंत्र काढलं आणि मुठीत धरलं. राउनोनं चोरून पाहिलं. तिचा उजवा हात मांडीवरून उठला होता. समोर वीस हात आणि अंधारात हा एकविसावा. डोळे उघडे होते, गाल ओले होते. राउनोनं मान वळवली. तिच्या रडण्याकडे बघायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं.

घरी पोचल्यावर ल्यूली स्टुलावर बसून बूट काढता काढता म्हणाली, "आम्ही गात नव्हतो रे."

"माहीत आहे."

"तोंड उघडलं की कापूस आत जायचा. खोकून खोकून जीव जायचा." एक बूट निघाला. दुसरा तिनं तसाच राहू दिला. "त्या पोरींना कुणी सांगितलं, हात असा करायचा म्हणून?"

"वृद्धाश्रमात जाऊन शिकल्या म्हणे. तुमच्यातल्याच बायकांकडून."

"शिकायला गेल्या? आमचं काम?" ती त्याच्याकडे बघत राहिली. कुणी चंद्रावर जाऊन आल्याचं सांगावं तशी. मग म्हणाली, "गायला हवं होतं आम्ही. काय झालं असतं, खोकला तर तसाही येतच होता." आणि दुसरा बूट काढत, "पुन्हा कधी आहे, बघ."

पुन्हा आठवड्यानं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. वसंतात नाटक बंद होईपर्यंत दोघं जमेल तेव्हा गेले. आणि गंमत अशी की ल्यूली बोलायला लागली. रविवारचं सूप थंड व्हायचं. गिरणीतल्या मैत्रिणी, मुकादमाच्या टोपीत सोडलेला उंदीर, यंत्रांच्या आवाजात बोलता येत नाही म्हणून नुसते ओठ वाचून चालणाऱ्या कुचाळक्या, राउनोच्या वडिलांनी पुलावर घातलेली मागणी. एकेक गोष्ट निघायची. राउनो ऐकायचा, आणि ऐकता ऐकता तोही काही सांगून जायचा, बायको गेली त्या दिवसाचंसुद्धा.

पुढच्या हिवाळ्यात वेगळं नाटक आलं, समुद्री चाच्यांचं, सगळा चावटपणा. ल्यूलीनं तेही पाहिलं. "अर्थ काही नाही," ती म्हणाली, "पण टोप्या काय सुंदर!" तशी ती आणखी काही वर्षं नाटकं बघत राहिली, आणि मग एका शरदात, आजारपण फारसं न लांबवता, गेली. दफनाला हेल्लेवी रुओवेसीहून आली, आणि कुणी न बोलावता कायसाही आली. एकदा खेळ संपल्यावर ल्यूलीशी तिची ओळख झाली होती, हात कसा वळवायचा यावरून दोघींच्या गप्पा व्हायच्या. कबरीपाशी कायसानं ते पहाटेचं गाणं म्हटलं, एकटीनं, हलक्या आवाजात. राउनोला वाटलं होतं की आपण कोसळू. तो कोसळला नाही. गाणं माणसाला धरून ठेवतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तो निवृत्त झाला तेव्हा शहरात अशी रंगभूमी उरली नव्हती जिथे तो गेला नव्हता. मोठी थिएटरं झालीच, पण शाळेच्या जिम्नॅशियममध्ये नर्स आणि पोस्टमन मिळून बसवायचे ती हौशी संगीत नाटकं, तळ्याकाठच्या उघड्या मांडवातली उन्हाळी नाटकं, जिथे ऐन प्रेमगीतात सीगल पक्षी ओरडायचे, तीही. वाईट नाटक त्यानं पाहिलं नाही असं नाही. बेसूर नायक पाहिले, पडलेले देखावे पाहिले. पण तक्रार त्याला सुचायचीच नाही. दिवसभर दात तपासणारा माणूस संध्याकाळी उभा राहून अनोळखी लोकांपुढे गातो, याचंच नवल त्याला पुरून उरायचं.

परवाच्या शनिवारची गोष्ट. नवं नाटक, पहिलाच आठवडा. राउनोचे केस आता पार पांढरे झालेत, गुडघा दुखतो, म्हणून तो कडेची खुर्ची घेतो. दिवे मंद झाले. खोकणं, कागद चुरगळणं, सगळं एकदम थांबलं. वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून संचालकाच्या छडीचं पांढरं टोक वर आलं आणि हवेत थांबलं. राउनो पुढे झुकला, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं. शेजारी एक तरुण बाई बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि न राहवून हळूच विचारलं, "पहिल्यांदाच आलात का नाटकाला?"

सगळं सांगत बसायला वेळ नव्हता, आणि उत्तर तसं खोटंही नव्हतं.

"हो," राउनो म्हणाला.

आणि पडदा वर गेला.